खेमराजच्या नावाचा दगड

मुर्री,
मार्गशीर्ष, १९५१

प्रिय मनकर्णावहिनी,

दादामागे पाट लावून तू तिरोड्याला नव्या घरी गेलीस, तरी माझ्या तोंडी 'वहिनी'शिवाय दुसरं नाव येत नाही. दुधरामभाऊ आणि लेकरं सुखात असतील. इथं आईचे गुडघे धरलेत, पण जीभ शाबूत आहे. ती किती शाबूत आहे, ते परवा सगळ्या गावानं ऐकलं.

चावडीपुढे आपल्या खेमराजदादाच्या नावाचा दगड बसवला. बसवला कोणी? यादोरावानं! दादाचं जहाज बुडाल्याची तार आली, तेव्हा हाच म्हणाला होता ना, "इंग्रजाच्या चाकरीत मेला, इंग्रजच रडन त्याच्यासाठी"? दादाच्या तेराव्याला त्याच्या धाकानं आपल्या दारी चार माणसंही आली नव्हती. आता तो निवडणुकीला उभा आहे. दगडावर दादाचं नाव बोटभर अन् त्याचं वीतभर.

मग भाषण. म्हणे, खेमराज इंग्रजांशी लढता लढता समुद्रात शहीद झाला! वहिनी, तो इंग्रजांच्याच जहाजावर होता. लढाई संपल्यावर त्याचा सोबती रामलाल आपल्या अंगणात बसून ढसाढसा रडला होता, आठवतं? जहाज पेटल्यावर दादा वर आला होता, वाचला होता. खालून हाका ऐकू आल्या म्हणून परत उतरला. दोघांना वर ढकललं, तिसऱ्यासाठी गेला तो गेलाच. एवढं मोठं मरण यादोरावाला पुरलं नाही का गं? त्यावर खोट्याचा शेंदूर कशाला?

आईच्या खांद्यावर शाल घातली, तशी ती उभी राहिली. म्हणाली, "खरं काऊन नाही सांगत? माया पोरगा आगीत शिरून दोघाले काढून मेला. कोणाले मारून नाही." यादोरावानं हसत हसत भोंगा बंद करायला लावला. आईनं शाल तिथंच मातीत टाकली आणि माझा हात धरून घरी आली. लोक हार घालत राहिले.

आता जे सांगायचं, ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानी जाऊ नये म्हणून हे पत्र. तो भाषणात म्हणाला, खेमराजची पतिव्रता बायको झुरून झुरून मेली. पाट लावलेली बाई त्याच्या दगडाला शोभत नव्हती. आई तेव्हापासून एकच म्हणून राहिली, "जित्या पोरीले मारलं यानं." तिनं तुला बोलावलंय. दुधरामभाऊंना, लेकरांना घेऊन ये. मागच्या पांदणीच्या वाटेनं नको, भरदुपारी चावडीसमोरून ये.

तुझीच,
जमुना