दोन काडतुसं कमी

प्रिय विलास,

आजीनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला असं समज आणि मग पुढचं वाच. हे पत्र चौकच्या हिरामणच्या हाती देतेय. तो शुक्रवारी मस्कतला निघालाय. बरोबर कुरडया हायत, त्या एकट्यानं संपवू नकोस, खोलीतल्या माणसांनाही तळून घाल. फोनच केला असता, पण घरातला फोन तुझ्या धाकट्या भावाचा, रूपेशचा, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्यासमोर सांगण्यासारखं नाय. अक्षर वाकडं हाय. साक्षरतेच्या वर्गाला चार महिने गेले, तेवढीच माझी शाळा. पण आज मी खुशीत हाय, म्हणून हात चालतोय.

भात पोटरीला आलंय. ओढ्याकडच्या तुकड्यात रानडुकरं दोनदा घुसली. रूपेश माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतो, तर कडावपर्यंतची कुत्री भुंकायला लागतात. शेजारची शकू म्हणाली, तुमच्या डुकरांपेक्षा तुमचा रूपेश वाईट, झोप मिळत नाय. हसून हसून मला उचकी लागली.

तुझी बंदूक असती तर एका बारानं काम झालं असतं. पण ती तू बंदुकांच्या दुकानात ठेवलीस ते बरोबरच केलंस. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाय, हे तू मला तीनदा समजावलंस. परवानावाला परदेशी गेला की बंदूक, काडतुसं, सगळं पोलिसांना कळवून परवान्याच्या दुकानात ठेवायचं आणि पावती घ्यायची. मी तीनदा मान डोलावली. मान डोलावली म्हणजे कळलं असं नाय रं.

तुझ्या आजोबांच्या वेळचं तुला आठवत असेल. खंडेनवमीला ओटीवर पाट मांडायचा, कोयते, विळे, कुदळ धुऊन ओळीनं ठेवायची, आणि मधोमध बंदूक. तिला झेंडूची माळ मी स्वतः ओवायचे. आजोबा गेले, परवाना तुझ्या नावावर झाला, तरी माळ चुकली नाय. आणि गेल्या साली तू नवमीच्या आठ दिवस आधी बंदूक दुकानात ठेवायला निघालास. पाटावर मधली जागा रिकामी राहणार, हे काय मला बघवेना. तू आंघोळीला गेलास तेव्हा काडतुसांचा डबा उघडाच होता. बारा काडतुसांतली दोन मी पदराला बांधली. बंदूक नाय तर नाय, तिची लेकरं तरी पाटावर बसतील, असं मनात आलं.

हो बाळा, मीच ती.

दुकानात मोजली तेव्हा दहाच भरली. तू घरी आलास तो तांबडा होऊनच. रूपेश आदल्या आठवड्यात पोरांबरोबर पळसदरीच्या रानात डुकराच्या मागे गेला होता, तेव्हा काडतुसं तूच नेलीस असं म्हणत तू त्याला ओटीवर नाय नाय ते बोललास. तो नाय म्हणाला, तर तू म्हणालास, चोर कधी हो म्हणतो का. मी तिथंच वाल सोलत बसले होते. तोंड उघडलं असतं तर तुझं विमान अडकवतील, मला गाडीत घालून नेतील, अशी भीती बसली. वाल सोलून संपले तरी मी टरफलंच चिवडत होते. नवमीला गुपचूप पूजा केली आणि काडतुसं तांदळाच्या कणगीत खोल पुरली.

आता परवान्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. दोन काडतुसांचा खुलासा द्या, नायतर परवाना पुढं चालणार नाय. रूपेश कागद घेऊन बसला. मी मागून वाचलं, एक एक अक्षर लावत. ती काडतुसं मी नेली, असं तो स्वतःच्या नावानं लिहीत होता. थांब रं, म्हणाले, नि सगळं ओकले. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, आजी, मला दिवाळीपासून ठाऊक हाय, तांदूळ काढताना हाताला लागली. मी विचारलं, मग बोलला का नायस, तर म्हणतो, तुला जबाबाला नेतील, तू घाबरशील. माझं काय, दादा बोलणार नाय एवढंच.

त्याच दिवशी त्यानं ठाण्यात फोन लावला. हात लावू नका, आमी येतो, म्हणाले. हवालदार आले, कणगीतून काडतुसं काढली नि विचारलं, आजी, हे लाल काय? म्हटलं, कुंकू हाय. हवालदार म्हणाले, काडतूस म्हणजे काय कुरडई हाय, वाटेल तिथं ठेवायला? दुसऱ्या दिवशी रूपेशच्या गाडीवर बसून कर्जतला जबाब दिला. अंगठा नाय, सही केली. आपणहून दिली असं त्यांनी लिहून घेतलंय. पुढचं वरचे साहेब ठरवतील. काडतुसं ठाण्यात जमा झाली, त्याची पावती मिळाली. वर्षभर डोक्यावर वाहिलेली पाटी उतरली बघ.

यंदा पाटाच्या मधोमध ती पावतीच ठेवणार हाय, वर एक झेंडू. पण पत्र त्यासाठी नाय लिहिलं. तू मस्कतला गेल्यापासून फोन करतोस तेव्हा म्हणतोस, आजीला दे. रूपेश निमूट मला देतो आणि गोठ्यात जाऊन उभा राहतो, माझं बोलणं संपेपर्यंत. नवमीच्या सकाळी फोन कर. फोन तोच उचलेल. तेव्हा आजीला दे म्हणू नकोस.

तुझीच,
चिंधीआजी