डाव्या कोपऱ्यातली साखर

९ मार्च, रविवार, दुपार

प्रिय मामा,

भाचीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? कारखान्यातले लेथवाले काका मध्यंतरी दुकानात भेटले. त्यांच्याकडून तुझा पत्ता मिळाला आणि हेही कळलं की तू हल्ली कुलपं दुरुस्त करतोस. किल्ली हरवली म्हणून कुणी आलं, तर कुलूप हातात घेण्याआधी त्याची उलटतपासणी घेतोस म्हणे. मी खूप हसले, आणि घेतलेलं सामान तिथंच विसरून घरी आले.

इकडे सगळं ठीक. आईला नवा चष्मा लागलाय. तो कपाळावर सरकवून ती घरभर चष्मा शोधते, आणि सांगितलं की म्हणते, 'मला माहीत होतं.' जिन्याला निळा रंग दिलाय, तो कुणालाच आवडलेला नाही. तू घडवलेल्या साच्याचं विचारशील म्हणून आधीच सांगते. तो अजून पहिल्या नंबरच्या मशीनवर आहे आणि दिवसाला सातशे फळ्या काढतो.

शेजारच्या काकूंना मी काय काम करते ते अजून समजलेलं नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा समजावलं. फ्रीजमधली काचेची फळी असते ना, ती काच साच्यात ठेवायची, भोवती वितळलेलं प्लॅस्टिक सोडायचं, थंड होताना ते आकसतं आणि काचेला घट्ट धरून बसतं. ताटाला काठ असतो तसा काठ तयार होतो. वरच्या फळीवर दूध सांडलं तर ते तिथंच राहतं, खालच्या भाजीवर ओघळत नाही. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी इंजिनीअर कशाला? माणसानं सांडूच नये ना." तू असतास तर म्हणाला असतास, यांनाच घ्या रे डिझाइनला.

मी उगाच लांबण लावतेय, हे तुला एव्हाना कळलं असेल. मूळ गोष्ट फ्रीजची आहे. आमच्या घरच्या.

तीन आठवड्यांपूर्वी दीड दिवस वीज नव्हती. मी कामावरून आले तर फ्रीज रिकामा, दार सताड उघडं आणि सगळ्या फळ्या मोरीच्या भिंतीला टेकवून निथळत ठेवलेल्या.

"कशानं धुतल्यास?" मी विचारलं.

"गरम पाण्यानं. मोठं पातेलं भरून उकळलं. वास काय सुटला होता!"

"तुला किती वेळा सांगितलंय, गरम पाण्यानं काच तडकेल म्हणून."

"तडकली का?"

नव्हती तडकली. तडकणारच नव्हती. ती काच भट्टीतून काढून कडक केलेली असते, हे मीच तिला कॉलेजात असताना फुशारकीनं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातून दुधाचं भांडं कलंडलं. कपभर दूध फळीवर पसरलं आणि काठाशी थांबलं. आई म्हणाली, "राहू दे, चहा झाला की पुसते." मी डबा भरत होते. दहा-बारा मिनिटांनी तिनं हाक मारली, "इकडे ये." मागच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब पडत होते, सावकाश, एकामागून एक, खालच्या भाजीवर. फ्रीजचं दार जरा वेळ उघडं राहिलं तरी माझ्यावर खेकसणारी आई ते दार धरून नुसती उभी होती. मग तिनं एक वाटी आणून थेंबांखाली ठेवली आणि आत निघून गेली.

फळीच्या खालच्या बाजूला मार्करनं लिहिलेला आकडा अजून दिसतो. तीन. तुझ्या साच्यातून निघालेल्या पहिल्या दहांपैकी तिसरी, माझी तपासणीची फळी. काम संपल्यावर आठवण म्हणून मी ती घरी आणली होती.

त्या तपासणीबद्दल मला लिहायचंय. चहा करून आले. आता लिहिते.

साध्या पाण्यानं तपासणं मला पोरकटपणाचं वाटत होतं. घरात नुसतं पाणी कुठे सांडतं? दूध सांडतं, रस सांडतो, पाक सांडतो. म्हणून मी साखरेचं लाल पाणी तयार केलं. फळीखाली टिपकागद अंथरायचा, वर अर्धा लिटर ओतायचं, तासभर थांबायचं. थेंब गळला तर कागदावर गुलाबी डाग उमटणार. तू दारातून बघून म्हणालास, "वा! आता मुंग्यांनाही नोकरी लागेल." मला राग आला होता. माझी युक्ती होती ना ती.

पहिल्या दिवशी तीन नंबरच्या कागदावर एक डाग होता, मागच्या डाव्या कोपऱ्याखाली. सात नंबरच्याही कागदावर होता. मी वहीत पेन्सिलनं लिहिलं. मग वाटलं, ओतताना माझाच हात हलला असेल. फळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा घेतल्या, कारण काच कमी आली होती आणि दहाच फळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी एकही डाग नाही. तिसऱ्या दिवशी नाही. महिनाभर नाही. पेन्सिलची ओळ मी खोडली आणि अहवाल लिहिला: दहा फळ्या, तीस दिवस, एकही थेंब नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तूच पेढे मागितले होतेस.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. सात महिन्यांत तक्रारींची रांग लागली. माझे कागद स्वच्छ होते, म्हणजे दोष साच्यात असणार. साचा उघडला, त्या कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा सापडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या रविवारी तू आमच्याकडे आलास. चौकशी मंगळवारी होती. आई भाजी चिरत होती. तू आवाजही चढवला नव्हतास. "एवढंच सांग," म्हणालास, "दर वेळी फळ्या गरम पाण्यानं धुतल्यास ना? साखर फटीत सुकली की तीच बूच होऊन बसते. मग पुढे महिनाभर ओतलंस तरी काय गळणार?"

मी 'हो' म्हणाले.

मामा, मी 'हो' म्हणाले. धुतल्या नव्हत्या. तुझं वाक्य संपायच्या आत मला सगळं समजलं होतं, तो गुलाबी डागसुद्धा डोळ्यांसमोर आला होता, आणि तरी तोंडातून 'हो' निघालं. तू म्हणालास, "मग वही दाखव." तेव्हा आई हातातली सुरी ठेवून उठली. "दादा, स्वतःचं झाकायला पोरीवर आळ घेतोस? ऊठ आधी इथून." तू माझ्याकडे एकदा बघितलंस, बूट घातलेस आणि गेलास.

मंगळवारी साहेबांनी तुला विचारलं, काही म्हणायचंय का. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी बसले होते. तू म्हणालास, "नाही." चाळीस वर्षं पोलादात हात घालणाऱ्या माणसाला त्यांनी निवृत्तीच्या चार वर्षं आधी घरी पाठवलं, आणि मला बढती दिली.

त्यानंतर त्या कोपऱ्यात गोंदाचा थेंब द्यायला सुरुवात झाली. गळणं थांबलं आणि कारण कुणी शोधलंच नाही. मीही नाही. मला मनाची समजूत घालता येत होती की कदाचित खरंच साचा झिजला असेल. ती तीन नंबरची फळी मी स्वतः पुसायची, फक्त ओल्या फडक्यानं. आईला गरम पाण्याची भीती घातली ती त्यासाठी. दोन वर्षं एका फळीला गरम पाणी लागू दिलं नाही मी. खरं काय ते कळू नये म्हणून जितके कष्ट घेतले, तेवढ्या कष्टात शंभर फळ्या तपासून झाल्या असत्या.

१० मार्च, सोमवार, संध्याकाळ

काल पुढे लिहवेना. आज लिहिते, आणि यात निदान थोडं सांगण्यासारखं आहे.

दुधाच्या त्या सकाळनंतर मी मशीनवरून गोंद न लावलेल्या वीस नव्या फळ्या काढून घेतल्या. साधं पाणी ओतलं. तासाभरात चौदा गळल्या. त्याच चौदांवर साखरपाणी ओतलं, सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी एकही गळली नाही. गरम पाण्यानं धुतल्या, पुन्हा चौदाच्या चौदा गळल्या. तू एका वाक्यात सांगितलं होतंस ते शोधायला मला चार दिवस लागले.

आणि दोष ओरखड्याचा नव्हताच. साच्यात प्लॅस्टिक दोन बाजूंनी वाहत येऊन त्या कोपऱ्यात भेटतं, तिथवर पोचेपर्यंत ते निवतं आणि नीट जुळत नाही. आत सोडायचं भोक दुसऱ्या जागी घे, असं तू ड्रॉइंग बघताक्षणी म्हणाला होतास. मी नाही म्हटलं, कारण तिथं भोकाची खूण समोरून दिसली असती. तुझा साचा माझ्या ड्रॉइंगबरहुकूम होता. चूक ड्रॉइंगची होती.

हे सगळं लिहून साहेबांकडे गेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "गोंद चालतोय ना? मग आता गाडलेलं कशाला उकरायचं?" मी म्हटलं, तुम्ही माणूस गाडलात म्हणून. असं कसं बोलले कुणास ठाऊक. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. शुक्रवारी टूलरूममध्ये सगळ्यांना बोलावून त्यांनी माझं पत्र स्वतः वाचलं, खोडलेल्या ओळीसकट. लेथवाल्या काकांनी मशीन बंद केलं आणि ऐकून झाल्यावर माझ्याकडे न बघता पुन्हा चालू केलं. तुला निर्दोष ठरवल्याचं कंपनीचं पत्र सोबत जोडलंय, सही-शिक्क्याचं. मला तपासणीवरून काढलं. आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यांची ड्रॉइंगं काढते. खोकी गळत नाहीत, एवढा दिलासा.

तू मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते मागण्याइतकं मी अजून काही फेडलेलं नाही. तुझी चार वर्षं त्या सही-शिक्क्यातून परत मिळत नाहीत, हे मला समजतं. मला लाज वाटते मामा, आणि तू ओरडला असतास तर बरं झालं असतं असं रोज वाटतं.

इथवर लिहून मी पत्र आईला वाचून दाखवलं. तूही दोन ओळी लिही म्हटलं, तर म्हणाली, "मी कुठल्या तोंडानं लिहू? मी सांगते, तू लिही. आणि मधे बोलायचं नाही." तर हे पुढचं तिचं आहे.

"दादा, त्या दिवशी पोरगी 'हो' म्हणाली ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून. लहानपणीसुद्धा खोटं बोलताना ती माझ्याकडेच बघायची. मला तिथंच कळलं. तू खोटं बोलतोयस म्हणून मी तुला घराबाहेर काढलं नाही. तू खरं बोलत होतास. अजून एक प्रश्न विचारला असतास तर तिनं सगळं कबूल केलं असतं, म्हणून काढलं. तिची नोकरी नवी होती. आणि माझा भाऊ सोसेल, याची मला खात्री होती. दोन वर्षं वाट बघितली, ही आपणहून बोलेल म्हणून. नाही बोलली. मग वीज गेली त्याचं निमित्त केलं. पाणी मी मुद्दाम उकळलं. दूधही मुद्दामच सांडलं."

ती आता आत जाऊन पडली आहे, भिंतीकडे तोंड करून. मी दार लोटून घेतलंय.

मला उत्तर पाठवू नकोस. पण तिला लिही. रागाचं लिही, हव्या तेवढ्या शिव्या घाल, एक ओळ लिही, पण पाकिटावर तिचं नाव घाल. पोस्टमन रोज अकराला येतो. तू गेल्यापासून रोज अकराला ती कसलं ना कसलं काम काढून खाली जाते. मला इतके दिवस वाटायचं, पाय मोकळे करायला जाते.

तुझी भाची