रांगेतली पहिली जागा

शॉमबर्ग, अमेरिका

चि. कुमुद,
थोरल्या भावाचा आशीर्वाद.

माझा गुडघा ठीक आहे, काळजी नको.

आपल्या गावची शाळा बंद करण्याविरुद्ध ग्रामसभेत एकटी कशी बोलू, असं विचारलंस. आमची शेजारीण नकाटो युगांडाची. तिकडे गावाचा कारभार गावच बघतं. अध्यक्ष निवडताना लोक आपल्या उमेदवारामागे उघड रांग लावतात. तिची आई निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा मागे एकटी नकाटोच.
"मग?" मी विचारलं.
"मग रांग वाढली, अंकल!"

त्याच शाळेत कविता म्हणताना तू अडायचीस आणि मी मागून ओळ पुरवायचो. तिथली चिंच आहे ना अजून?

नात केया ओरडतेय, "आजोबा, नी सर्जरी?" म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन गावाहून परत आल्यावर. तिकीट काढलंय. तू बोलायला उठ, मागे मी उभा असेन.

तुझा,
सुमंतदादा