कॉलर उलटण्याचे दिवस

४ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा कॉलर! चांगली गाडीतून उतरलेली बाई, हातात नवऱ्याचे शर्ट, आणि म्हणते, "कॉलर उलटून द्याल का हो?" झिजलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. नवीन नवीन शिकत होते तेव्हा हे काम करायचे, मग इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही. आता परत हात बसलाय. नवीन शिवायला कुणी टाकतच नाही. हे आत घ्या, ते बाहेर सोडा, चेन बदला, गुडघ्याला ठिगळ लावा. ठिगळही कसं, तर "फॅशन वाटेल असं"! लोकांना झाकायचं तर आहे, पण झाकलेलं दिसायला नको.

पँटींच्या कमरा आत घ्यायला सांगणारेही वाढलेत. विचारलं की म्हणतात, डाएट. बरं, डाएट!

समोरच्या बटणवाल्याकडे अस्तर धूळ खात पडलंय. सुया आणि काळा-पांढरा दोरा मात्र पुरत नाही. "लोक घरीच शिवायला लागले, ताई. आता तुमचं पण अवघड आणि माझं पण." मी म्हटलं, सकाळी सकाळी शुभ बोला की जरा! आणि माझ्या दुकानात परत येऊन विनाकारण कात्री आपटली.

७ ऑगस्ट, गुरुवार

कारखान्यातला दुपारचा चहा बंद झाला. ह्यांनी जेवताना सहज सांगितलं. "काटकसर चाललीय. चांगलंच आहे की."

चांगलं? आधी ओव्हरटाइम बंद, मग न्यायला येणारी बस बंद, आता चहा. उद्या श्वास मोजून देतील! एवढंच म्हटलं तर मला म्हणे, "तुला कावीळ झालीय. सगळं पिवळंच दिसतं."

मला कावीळ, तर ह्यांना मोतीबिंदू. इतकी वर्षं पंप जोडतायत, एका थेंबाची गळती हाताला कळते म्हणतात. आणि अख्खा कारखाना गळायला लागलाय ते दिसत नाही? घर ह्यांच्या पगारावर चालतं. माझ्या मशीनवर वरखर्च निघतो, तोही आता कुंथत. उद्या ह्यांना घरी बसवलं तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला दारात तरी कोण उभं करणार? हे मी बोलले नाही. लिहिलंय फक्त.

८ ऑगस्ट, शुक्रवार

टीव्हीवर एक गुळगुळीत माणूस — "मंदी नाही, ग्राहक जरा सावध झालाय." उंटावरून शेळ्या हाकतात मेले! बंदच केला टीव्ही. त्यावर सासूबाई भडकल्या, पुढे त्यांची मालिका होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

दोरा आणायला भर सकाळी बाहेर पडले. रस्त्यावर पुरुषच पुरुष! कामाच्या वेळी. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, हातात भाजीची पिशवी. एकजण टोमॅटो असा निरखत होता, जणू जन्मात पहिल्यांदा भेटतोय. ओळखीचे होते दोघं-तिघं. मी हसले तर मान दुसरीकडे. आज सुट्टी वाटतं, असं विचारणार होते, बरं झालं जीभ आवरली.

वाण्याने मोठे डबे मागे सारलेत आणि पुढे पुड्यांच्या माळा लटकवल्यात. शाम्पूची पुडी, तेलाची पुडी, कॉफीची पुडी. न्हावी सांगत होता, हल्ली सगळे म्हणतात अजून बारीक कर, अजून बारीक कर, म्हणजे लवकर यायला नको. कोपऱ्यावरची व्यायामशाळा बंद. काचेवर अजून तो दंडवाला माणूस हसतोय — "थांबू नका!" काय बोलायचं आता ह्याला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आणि पुन्हा झोपल्या. एवढं बोलून झोप कशी येते माणसाला?

१९ ऑगस्ट, मंगळवार

भांडण. मोठं.

ह्यांच्या शेजारी उभे राहून काम करणारे दोघं गेल्या आठवड्यापासून येत नाहीत, हे मला कळलं कुठून? त्यातल्या एकाच्या बायकोकडून! तिने कंपनीचे शर्ट आणले होते. खिशावरचं कंपनीचं नाव उसवून हवंय, म्हणजे बाहेर घालता येतील. कंपनीचे गणवेश मीच शिवते, ते नाव शिवलेलंही मीच. आता उसवलंही मीच. नाव गेलं तरी तेवढी जागा जास्त निळी दिसत राहते, त्याला इलाज नाही. ती म्हणाली, "राहू दे, जॅकेट घालतील." आणि रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं कळत नाही. पैसे घेतले नाहीत, तर त्याचाच तिला राग आला.

रात्री ह्यांना म्हटलं, मला का नाही सांगितलंत? ह्यांनी भाकरी पुढे ओढली. उद्या साहेबाला सरळ विचारा, तुमचं काय ते. मग मी ओरडलेच — तोंडात मूग गिळून बसलं की नोकरी टिकते का?

तर हळू आवाजात म्हणाले, "जो विचारतो तो आधी जातो."

म्हणजे दिसतंय ह्यांनाही. सगळं दिसतंय! कावीळ मला आणि हे रोज डोळे उघडे ठेवून झोपेचं सोंग घेतायत. इतका राग आला, इतका राग आला... आणि मग त्यांचे हात दिसले. भाकरी मोडत नव्हते, नुसते धरून बसले होते.

२० ऑगस्ट, बुधवार

अबोला.

२५ ऑगस्ट, सोमवार

टाय आला होता! (कंपनीत कापडलत्ता बघणारा साहेब. उन्हाळ्यातही टाय सोडत नाही, म्हणून आमच्याकडे टाय.) मला वाटलं, पुढचे गणवेश नकोत म्हणून सांगायला आला. तर ऑर्डर! ढीगभर! आणि ताबडतोब हवी.

धीर करून विचारलं, "नवीन भरती का?"

"हो, नवीन माणसं घेतोय."

असं म्हणाला! मी स्वतः ऐकलं.

राखाडी शर्ट, खांद्यावर पट्ट्या. पट्ट्या बघून जरा थबकले. मशीनवरच्या माणसाच्या अंगावर लोंबणारं, अडकणारं काही नको, हे मला झोपेतही माहीत. इतकी वर्षं त्यांचे शर्ट शिवतेय, खिशाला झाकणसुद्धा देत नाही. मग डोक्यात आलं — सुपरवायझर! सुपरवायझर कुठे मशीनला हात लावतात? आणि एवढे सुपरवायझर घेणार, तर त्यांच्या हाताखाली माणसं किती लागतील! काय हे डोकं माझं, ह्याला कावीळ म्हणत होते.

अबोला मोडला. मीच मोडला. म्हटलं, चुकलं माझं. "असू दे गं," म्हणाले, पण असे हसले की बऱ्याच दिवसांनी दात दिसले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला शर्ट तयार. अंदाज घ्यायला ह्यांनाच घालून उभं केलं. खांदा नीट बसेना, दोनदा उसवला. पट्टी लावली की खांदा ओढला जातो, तिथे थोडं सैल सोडावं लागतं. तिसऱ्यांदा बसला. सासूबाई म्हणाल्या, "साहेब दिसतोस रे!" तर ह्यांनी छाती काढली, आवाज चढवला आणि मला म्हणाले, "ए बाई, कुठे चाललीस? पास दाखव!" हसून हसून तोंडातली टाचणी पडली माझ्या.

६ सप्टेंबर, शनिवार

सगळे शर्ट पोचवले. पाठ मोडलीय, पण मोडू दे. बटणवाल्याला म्हटलं, तुमच्या तोंडाला कुलूप लावा आता, चांगले दिवस येतायत. तोही खूश, सगळी बटणं त्याच्याकडूनच घेतली होती.

टायने एक-एक खांदा चाचपून बघितला. "काम चोख आहे तुमचं." आहेच!

१० सप्टेंबर, बुधवार

घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. सासूबाईंना करमेना.

१५ सप्टेंबर, सोमवार

कारखान्याला कुलूप. गेटवर नोटीस. ह्यांना आत जाऊ दिलं नाही — कपाटातले स्वतःचे बूट आणायलाही नाही. अडवायला ओळीने पहारेकरी, सगळे नवीन, सगळ्यांच्या अंगावर माझे शर्ट.

हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "खांदे मात्र मस्त बसलेत गं."

ओरडावं म्हटलं, तर कुणावर?

दुपारी टायचा फोन आला. मागच्या गेटलाही माणसं लावतायत, अजून शर्ट लागतील, जमेल का?

मी हो म्हणाले.