सामानासकट

३ मार्च

चिरंजीव दलालाला घेऊनच आले. माझं घर भाड्यानं द्यायचं आणि मी त्यांच्याकडे राहायला जायचं — ठरलेलंच होतं म्हणे! कुणी ठरवलं? दुखतात ते माझे गुडघे, डोकं नव्हे.

दलाल गोडबोल्या. मला समजावत बसला. अनफर्निश्ड म्हणजे भिंती, दारं, नळ. फार तर पंखे आणि दिवे. फर्निश्ड म्हणजे पलंग, कपाट, फ्रिज, गॅस, सगळं जागच्या जागी. भाडेकरूनं कपड्यांची बॅग घेऊन यायचं की झालं. भाडंही जास्त.

माझ्या पलंगावर कोण कुठला येऊन लोळणार? आयत्या बिळावर नागोबा! द्यायचंच तर रिकामं देईन, सामान माझ्याबरोबर येईल.

चिरंजीव म्हणाले, तुझ्या खोलीत आम्ही सगळं केलंय, तू फक्त कपडे आण. म्हणजे फर्निश्ड खोलीतली भाडेकरू मीच की!

५ मार्च

सूनबाईचा फोन. गुडघ्यांची चौकशी नाही, काही नाही. गॅस आहे ना? जादा गादी आहे का? कपाटाला कुलूप लागतं का? आणि आवाज इतका बारीक, जणू कुणी ऐकेल.

मी म्हटलं, बाई गं, अजून जिवंत आहे मी. मग म्हणाली, "सामान हलवू नका ना, आई. राहू दे तसंच."

हिचाही डोळा भाड्यावर. दोघं एका माळेचे मणी. आता तर चमचासुद्धा ठेवत नाही मागे!

६ मार्च

भांडी बांधली. कंबर धरली. बांधणार म्हणजे बांधणार.

९ मार्च

हमाल आले. पलंग निघाला, टेबल निघालं. कपाट निघेना! उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. आमच्या ह्यांनी ते खोलीतच जोडलं होतं. जन्मभर सुतारकी केली, पण स्वतःच्या दाराचं माप घ्यायचं राहिलं! मला इतकं हसू आलं की रडूच फुटलं. आज ते हवे होते.

चिरंजीव म्हणाले, कापूया, आहे काय त्यात.

"करवत लावायची तर आधी मला लाव," म्हटलं. "कपाट येत नाही, मीही येत नाही."

तणतणत गेले. हमालांकडून पलंग परत आत लावून घेतला. आज पाय पसरून झोपणार.

११ मार्च

दुपारी बेल. दारात सूनबाई. हातात एकच बॅग.

"तिथलं सगळं त्यांनी ठरवलेलं, त्यांनी घेतलेलं. इतकी वर्षं राहिले, पण माझी म्हणून एक खुर्ची उचलता येत नाही मला. भाडेकरू ठेवाल, आई? तुम्ही इथेच असाल तर."

कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले. किल्ली तिच्या हातात दिली.

चिरंजीवांचा फोन वाजतोय. वाजू दे.