जखमींचा रकाना

अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी, रंगाच्या गोदामाची आग विझवून केंद्रावर परतल्यावर, मी ओले होज वाळत टाकले, तोंडावरची काजळी धुतली आणि घटना नोंदवही उघडून जखमींच्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले. अक्षर नेहमीसारखे नीट आले. त्या शब्दामुळे हे मृत्युपत्र सरळ लिहिता येत नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

मी अग्निशामक दलाच्या केंद्रातला उपप्रमुख, वय एकोणपन्नास, गावच्या शाळेत शिकलेला. हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहूनही घेतलेले नाही. माझा देवावर भरवसा आहे, पण कार्यालयांना कागद लागतात, म्हणून हा कागद.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. स्वयंपाकघराची मोडकी खिडकी मी बारा वर्षे ‘या रविवारी नक्की’ म्हणत तशीच ठेवली. तीही पत्नीलाच, माफी मागून.

२. बचत आणि भविष्य निर्वाह निधी दोघींना निम्मा निम्मा. यावर दोघींत वाद होणार नाही. झालाच तर मुलीने आईचे ऐकावे.

३. पान्यांचा संच आमच्या बंबचालकाला, कारण वापरलेला पाना पुसून ठेवणारा तोच एक. हेल्मेट आणि बूट दलाचे आहेत, ते परत करावेत. अॅल्युमिनियमची शिडी मेहुण्याने चार दिवसांसाठी नेली, त्याला सहा वर्षे झाली. आता ती त्याचीच. मात्र पाहुण्यांसमोर ‘माझी शिडी’ म्हणणे त्याने थांबवावे.

४. ज्याला सगळे पैलवान म्हणतात त्या माझ्या कामावरच्या जोडीदाराला मी काहीही ठेवत नाही. कारण वकिलांनी सांगितले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये. हे कळताच तो म्हणाला, “मग मला काही नको. सहीला मी येणार.”

त्या सकाळी गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावरून राखणदाराला खांद्यावर घेऊन तोच उतरला. शेवटच्या पायऱ्यांवर घसरला आणि त्याची पाठ लोखंडी कठड्यावर आपटली. राखणदाराला त्याने खाली पडू दिले नाही. तो माणूस आज धडधाकट आहे. परतताना मी बंबात विचारले, “लिहू का रे?”

“वेडा आहेस का? उद्यापासून सगळे मला आजोबा म्हणतील. लिही नेहमीचं.”

नेहमीचे म्हणजे ‘निरंक’. आमच्याकडे होज फाटला, शिडी वाकली की लगेच नोंद होते. माणूस वाकला तर होत नाही. जखम लिहून घेणारा जवान कच्चा, अशी आमची समजूत. वरिष्ठांनी हे कधी सांगितले नव्हते. आम्हीच एकमेकांना शिकवले, आणि नव्यांना मी शिकवले.

तीन आठवड्यांनी त्याचा डावा पाय बधिर झाला. भरपाईच्या अर्जाला उत्तर आले: ‘नोंदवहीनुसार घटनेत कोणीही जखमी नाही, सबब दुखापत कामावर झाल्याचे सिद्ध होत नाही.’ सोबत पुरावा म्हणून माझ्या अक्षरातले पान. पैलवानाने ते पाहून एवढेच म्हटले, “अक्षर चांगलं आहे रे तुझं. म्हणून तर त्यांना लगेच वाचता आलं.” दुसरा कोणी असता तर माझे तोंड पाहिले नसते.

५. माझे लाकडी टेबल, खणांसह, पैलवानाच्या बायकोला, म्हणजे वहिनींना. अजूनही त्या दाव्याच्या फायली पलंगावर मांडून बसतात.

वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. कामगार भरपाईचा कायदा त्यांनी भाजी चिरताना वाचून काढला, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून. कारकून म्हणाला, “बाई, नोंद कुठे आहे?” त्या म्हणाल्या, “नोंद नाही, पाय आहे. तो आणलाय सोबत, बघा.” मग त्यांनी अर्ज करून केंद्राच्या अकरा वर्षांच्या नोंदवह्या मागवल्या, प्रत्येक पान पाहिले आणि सुनावणीत उभ्या राहिल्या.

“साहेब, अकरा वर्षांत इथे कुणाला ओरखडासुद्धा नाही. आमची माणसं आगीत जातात की बागेत?”

खोलीत कोणी हसले नाही. मी मागच्या बाकावर होतो. एवढे धैर्य मी आगीतही क्वचित पाहिले आहे.

या अडीच वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘साक्ष द्या’ म्हटले नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला जे आठवतं ते आठवतं. मी सांगून नको.”

६. त्या रंगाचा धूर माझ्याही छातीत गेला. डॉक्टरांचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. मी त्यानेच गेलो तर मुलीने भरपाईचा दावा करावा, वहिनींना विचारून करावा, आणि लाजू नये. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे. मला शूर म्हणून भाषण करायला जे येतील, त्यांना आधी विचारावे की अर्ज कुठवर आला.

७. ती नोंद खोटी होती हे मीच लिहून दिले, तर पैलवानाचा दावा उभा राहतो आणि चौकशी माझ्यावर येते. केंद्रप्रमुखपदाच्या बढतीच्या यादीतले माझे नावही जाते. आमच्या वरिष्ठ साहेबांनी समजावले, “भावनेच्या भरात काही लिहून देऊ नकोस.” मी भरात नव्हतो, भ्यालो होतो. रोज पहाटे देवापुढे बसून ‘वाट दाखव’ म्हणायचो. परवा पत्नी दारातून म्हणाली, “तास झाला. प्रार्थना करताय की लपताय?”

मी उठलो आणि प्रतिज्ञापत्र लिहिले: कोण, कुठल्या पायरीवर, कसा पडला, मी काय पाहिले आणि काय लिहिले. काल अकरा वाजता ते घेऊन सुनावणीच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने वाचले, चष्मा काढला.

“उपप्रमुख ना तुम्ही? मागे घ्यायचं तर आत्ताच सांगा. शिक्का बसला की झालं.”

मी म्हणालो, “मारा.”

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शिक्का बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवार
सही: लिहून देणार, उपप्रमुख

आमच्या समक्ष, शुद्धीत व राजीखुशीने सही केली:
साक्षीदार १: शेजारचे शिंपीकाका
साक्षीदार २: पैलवान, जवान, कामावर जखमी