मागच्या दाराची काच

दादा,

गाडीच्या त्या दाराला आता हात लावू नकोस. मागची काच बिघडलीच नव्हती! ड्रायव्हरपाशी काचा लॉक करायचं बटण असतं, ते मीच दाबून ठेवलं होतं. बाबा चालत्या गाडीतून वस्तू बाहेर टाकतात. परवा चष्मा टाकला, तेव्हापासून ते बटण दाबलेलं. तुला दोनदा सांगितलं, तर म्हणालास, "त्यांना काही झालेलं नाही, तुझं आपलं काहीतरीच." मग बटणाचं सांगायची इच्छाच उरली नाही. आता दाराच्या क्लिपा तुटल्यात, काचेची मोटार ओट्यावर पडलीय. बाबांना मी टॅक्सीने डॉक्टरांकडे नेतेय. नसलेला बिघाड शोधण्यात तू अख्खा रविवार घालवलास. आज तासभर काढ, अकराला दवाखान्यात ये. बाबा सकाळपासून चष्मा शोधतायत.